सोमकुवर बाईंचे तलाव

सोमकुवर बाई कुठंही झोपत. शाळेच्या बाकावर, बसमध्ये दांड्याला धरून उभ्या उभ्या, आणि एकदा तर शिक्षण खात्याचे साहेब बैठकीत भाषण देत असताना अगदी पहिल्या रांगेत. मान टाकून घोरणं नव्हे. डोळे मिटायच्या, हनुवटी जराशी खाली यायची, आणि कोणी नाव घेतलं की "हं, बोल" म्हणून डोळे उघडायच्या. मी सौंसरच्या मुलींच्या शाळेत नवी लागले, त्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं आणि मला वाटलं, यांना काही आजार असावा. शेजारच्या बाईंनी हळूच सांगितलं, "आजार नाही. रविवारी तलावावर जाते ती. सोमवार-मंगळवार अशीच राहते."

ही ऐंशीनंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. आमचं घर पांढुर्ण्याला, वडिलांची संत्र्याची बाग, आणि मी सौंसरला एक खोली घेऊन राहत होते. दर रविवारी घरी जाणं होत नसे. रविवार मोठा लांब वाटायचा. बाईंना ते कळलं असावं. एका शनिवारी शाळा सुटताना त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "लीला, उद्या येतं का माह्यासंगं? काही करू नको. काठावर बसजो. माह्ये कपडे सांभायजो."

"कुठं जायचं?"

"लोधीखेड्याच्या पलीकडं. एक तलाव आहे."

"तिथं काय आहे?"

"तलाव आहे ना बापा," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अरुंद रुळांच्या छोट्या गाडीच्या स्टेशनावर त्यांना पाहून मला हसू आवरेना. शाळेत पाचवारी नेसणाऱ्या बाई नऊवारी लुगड्यात होत्या, आणि दोन्ही खांद्यांवरून दोरीनं बांधलेले वाळके भोपळे लोंबत होते. ते मोठे, पोटाळ, सुतळीच्या जाळीत अडकवलेले. गाडीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "माय, एकतारी बनवता का?" बाई म्हणाल्या, "हो." नंतर मला म्हणाल्या, "खरं सांगतलं की गंज प्रश्न विचारते लोक. स्टेशन येऊन जाते अन् मी बोलूनच राह्यतो."

खरं असं होतं की बाई तलावातलावांवर जाऊन मुलींना पाण्यावर तरंगायला शिकवत.

आमच्या भागात नदीपेक्षा तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, हीच जास्त. संत्र्याच्या बागांच्या टोकाला, सागवनाच्या कडेला, मोहाच्या झाडांखाली, कुठं गुरांसाठी, कुठं शिंगाड्यासाठी, कुठं कोण्या जुन्या मालगुजारानं खणलेले. बायकांचं धुणं तिथंच. पोरी सहा-सात वर्षांच्या झाल्या की आईमागं बादली घेऊन जायच्या. मुलगे पाण्यात उड्या मारून आपोआप शिकत. मुलींना पाण्यात उतरायची मुभा फक्त कपडे खळबळण्यापुरती. म्हणून दर पावसाळ्यानंतर कुठल्या ना कुठल्या गावातून बातमी यायची. बाईंना कोणी विचारलं की हे सगळं कशासाठी, तर त्या एवढंच सांगत, "पोरी बुडते म्हणून." त्यापुढं काही नाही.

बाई स्वतः शिकल्या होत्या तिशी उलटल्यावर, मासेमारी करणाऱ्या ढिवरांतल्या एका बाईकडून. ती शिंगाडे काढायची आणि भोपळ्यांच्या आधारानं दिवसभर पाण्यात असायची. तेव्हापासून बाईंच्या घराच्या कौलांवर भोपळ्याचा वेल असे. त्यांचे यजमान भाऊराव नगरपालिकेच्या नाक्यावर नोकरीला होते, शांत, हसतमुख. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा आढ्याला टांगलेल्या भोपळ्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "पाहा बहिनजी. आमच्या घरी एवढे भोपळे पिकते, पण ताटात एक येत नाही. सारेच वाळवाचे."

"वांगे करतो ना तुम्हाले," बाई आतून म्हणाल्या.

"वांगेच खाऊन राह्यलो बारा महिने."

लोधीखेड्याच्या त्या तलावावर पहिल्या दिवशी मी काठावर बसले ती मग बसतच राहिले. बाईंचं शिकवणं बघण्यासारखं होतं, कारण त्यात घाई अजिबात नव्हती. आधी पाण्यात कमरेपर्यंत उभं राहायचं. बरेच रविवार तेवढंच. मग नाकात पाणी जाऊ द्यायचं आणि शिंकरून हसायचं. मग पाठीवर भोपळे बांधून उताणं पडायचं. पोरी ताठ व्हायच्या, बुडायच्या, ओरडायच्या. बाई मानेखाली हात धरून सांगायच्या, "अवं, अशी पड जशी दिवसभर कापूस वेचून घरी येऊन पडतं. तशी. हात टाकून दे. पाय टाकून दे. आभायाकडं पाय."

आणि आश्चर्य म्हणजे कापूस वेचणाऱ्या पोरींना ते लगेच कळायचं. अंग टाकणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नसे. शिकायला वेळ लागायचा तो गावातल्या बऱ्या घरच्या पोरींना.

"तुम्ही हात मारायला कधी शिकवणार?" मी एकदा विचारलं.

"कोणाले शर्यत लावाची आहे?" बाई म्हणाल्या. "पडता आलं पायजे. पडून राह्यली की कोणी ना कोणी काढतेच. हात मारून मारून थकली की बुडते."

सगळीकडं सुखानं चाललं असं नाही. बोरगावकडच्या एका तलावावर गावातली दोन-तीन माणसं काठावर येऊन उभी राहिली. त्यातला जो पुढारी होता, तो बाईंना म्हणाला, "मास्तरीनबाई, पोरींना असं उताणं पाडता पाण्यात, शोभते का हे?" बाई छातीपर्यंत पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी एका हातानं एका पोरीची मान धरली होती, म्हणून त्या वळल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही इकडं पाहूनच कावून राह्यले? तिकडं तोंड करून बसा. पंधरा मिनिटं लागते आणखी."

माणूस गेला, पण तक्रार शाळेत आली. आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बडी बहिनजी म्हणत, त्या भल्या होत्या पण भित्र्या होत्या. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की रविवारी काय वाटेल ते करा, पण शाळेचं नाव कुठं घेऊ नका. बाई म्हणाल्या, "नाव तं मी माह्यंही सांगत नाही, बहिनजी. पोरी मले भोपळेवाली म्हणते." त्या तलावावरच्या पोरी मात्र पुढच्या रविवारी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. बाई भोपळे पाठीशी घेऊन काठावर बसून राहिल्या, मग म्हणाल्या, "चाल लीला. हा तलाव गेला." परतीच्या वाटेवर संत्र्याच्या बागेच्या कुंपणाला टेकून त्यांनी पायातला काटा काढला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, थकलात का? "मी केव्हा नव्हती थकली?" त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती.

असे तलाव जात, आणि नवे मिळत. जंगलाकडच्या एका लहानशा गावाचा तलाव बाईंचा सगळ्यात आवडता होता. एका बाजूला साग, एका बाजूला पळस, पाणी हिरवं आणि शांत. तिथं सिंधू नावाची मुलगी होती, तेरा-चौदा वर्षांची, काळीसावळी, उंच, आईबरोबर संत्रा तोडणीला जाणारी. ती इतक्या लवकर शिकली की बाईंनी तिचे भोपळे काढून घेतले आणि तिला लहान पोरींच्या माना धरायला लावलं. सिंधू बाईंचीच नक्कल करायची. "हात टाकून दे, पाय टाकून दे," अशी मोठ्या बाईच्या आवाजात ओरडायची, आणि बाई ते ऐकून पाण्यात हसायच्या. बाईंना मनापासून हसताना मी फक्त तिथंच पाहिलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी, गोधड्यांची धुणी चालू असताना, तलाव काठोकाठ भरलेला होता. एक लहान मुलगी भिजलेल्या गोधडीच्या वजनानं ओढली गेली आणि पाण्यात पडली. काठावर बायका ओरडू लागल्या. सिंधूनं उडी घेतली. लहानी घाबरून तिच्या गळ्याला मिठी मारून बसली, सुटेना. कोणीतरी लांबून लुगडं फेकलं, लहानीच्या हाती ते लागलं, तिला ओढून काढलं. सिंधू वर आली नाही.

सोमवारी शाळेत गावाकडचा माणूस येऊन सांगून गेला. बाई वर्गात होत्या. त्यांनी खडू फळ्याच्या कडेवर ठेवला, मुलींना घरी जायला सांगितलं, आणि आम्ही दोघी तशाच निघालो.

गावात पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. सिंधूची आई गिरजा भिंतीला टेकून बसली होती. तिनं आमच्याकडं पाहिलं नाही. अंगणात बसलेल्या माणसांपैकी एकजण बाईंना ऐकू जाईल असं बोलला, "पोहता येत होतं म्हून उडी घेतली पोरीनं. नसतं येत तं काठावर ओरडत बसली असती. जित्ती असती." कोणी त्याला गप्प केलं नाही. बाई गिरजापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसल्या. दिवस कलायला लागल्यावर बाई उठल्या.

स्टेशनावर गाडीला वेळ होता. बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "बाई, त्या माणसाचं मनावर घेऊ नका."

"कावून नाही घेऊ? खरं आहे त्याचं."

"असं कसं म्हणता?"

मग त्यांनी मला सांगितलं. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच. त्यांच्या माहेरच्या गावी तलावाला एका बाजूनं दगडी पायऱ्या होत्या, पाणी उथळ होतं. तो घाट गावाचा. बाईंच्या, गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायकांनी तिथं जायचं नसे. त्यांनी पलीकडच्या काठावर धुवायचं, जिथून मुरूम काढून काढून खोल खड्डा पडला होता. तिघी बहिणींत बाई सगळ्यात लहान, काठावर बसल्या होत्या. मधल्या बहिणीचा पाय घसरला. मोठी तिला धरायला गेली. मधलीनं मोठीला मिठी मारली, आणि दोघी गेल्या. समोरच्या पायऱ्यांवर बायका होत्या, पण तलावाला वळसा घालून कोणी येईपर्यंत पाणी स्थिर झालं होतं.

"मी मोठीचे हात पाहिले, लीला," बाई म्हणाल्या. "ती मधलीले सोडवून राह्यली होती गळ्यातून. सोडवता आलं नाही. इतक्या पोरीले मी तरंगाले शिकवलं. पण दुसरी बुडत असंन तं जवळ जाचं नाही, लांबून लुगडं फेकाचं, मिठी मारली तं कशी सोडवाची, हे काही शिकवलं नाही. अन् साऱ्यात जास्त मलेच ठाऊक होतं."

"मग का नाही शिकवलं?"

"ते शिकवाचं म्हणजे ते दाखवा लागते. माह्यानं दाखवणं होत नव्हतं."

गाडी आली. त्या दिवशी बाई गाडीत झोपल्या नाहीत.

त्यानंतर बाईंनी तलाव सोडले. रविवारी घरी बसायच्या. थकवा मात्र उतरला नाही, उलट वाढला. भाऊरावांनी एकदा कौलावरचा कोवळा भोपळा काढून भाजी केली. ती तिघांनी बसून खाल्ली, आणि कोणालाच काही गोड लागलं नाही. भाऊराव मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "बहिनजी, जा ना तिले घेऊन कुठं. मले भाजी नाही पायजे." मी दोनदा विचारलं. बाई म्हणाल्या, "आता नाही जमत, लीला. पाय दुखते."

उन्हाळा लागता लागता, एका बाजाराच्या दिवशी, शाळेच्या व्हरांड्यात एक बाई येऊन बसली. डोक्यावरचं ओझं तिनं बाजूला ठेवलं होतं. मी ओळखलं नाही. सोमकुवर बाई वर्गातून बाहेर आल्या आणि जागीच थांबल्या. ती गिरजा होती.

"बसा ना आत," बाई म्हणाल्या.

"नाई. इथंच बरी आहे." गिरजानं पदरानं तोंड पुसलं. "बाई, मले शिकवा."

"तुले?"

"मले. पोरी येऊन नाही राह्यल्या तलावावर. धुणं लांब नाल्यावर नेते आता साऱ्या, भेव वाटते म्हणून. मी गेली त पोरी येतीन."

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "गिरजा, तुह्या मनात माह्याबद्दल..."

"आहे," गिरजा म्हणाली. "नाही कशी असंन? पण ती दुसरी पोरगी, लहानी, ती जित्ती आहे. रोज दारावरून जाते. तिले पाहतो मी." ती उठली, ओझं डोक्यावर घेतलं. "रविवारी येजा."

त्या रविवारी आम्ही गेलो. उन्हानं पाणी खाली गेलं होतं, कडेचा चिखल तडकला होता, आणि सागाची पानं गळून गेल्यानं तलाव उघडा पडल्यासारखा दिसत होता. गिरजा आधीच येऊन बसली होती. थोड्या अंतरावर पाच-सहा पोरी झाडाआड उभ्या होत्या, जवळ येत नव्हत्या.

गिरजा पाण्यात उतरली ती थांबलीच नाही, कमरेपर्यंत गेली. बाईंनी तिच्या पाठीवर भोपळे बांधले, मानेखाली हात घातला आणि नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण ते त्यांच्यानं म्हटलं गेलं नाही. नुसतं "पड" म्हणाल्या. गिरजा पडली. एकदम सगळं अंग सोडून. तिचे कान पाण्याखाली गेले, केस मोकळे होऊन पसरले, डोळे उघडे होते.

थोड्या वेळानं बाईंनी तिला उठवायला खांद्याला हात लावला, तशी ती म्हणाली, "नोका उठवू. इथं काहीच आयकू येत नाही, बाई. पडू द्या मले."

बाईंनी तिला पडू दिलं. मी काठावर होते. उन्हं डोक्यावर आली, गुरं पाणी प्यायला आली आणि गेली. बाईंचे खांदे थरथरायला लागलेले मला दिसत होते, तरी त्यांनी हात काढला नाही. शेवटी गिरजाच उठली, चेहऱ्यावरचं पाणी निपटलं, आणि झाडाआडच्या पोरींकडे पाहून ओरडली, "ये ना वो! काय पाहून राह्यल्या?"

त्या दिवसानंतर शिकवणं बदललं. बाई आता अर्धा वेळ लुगडं फेकायला शिकवत. टोकाला गाठ मारून, ओलं करून, लांब फेकायचं. एक पोरगी बुडणारी व्हायची, बाकीच्या काठावरून फेकायच्या. आणि मग ते दुसरं. एकीनं मागून गळ्याला मिठी मारायची, दुसरीनं घाबरायचं नाही, श्वास घेऊन खाली जायचं. बुडणारी पाण्याखाली धरून ठेवत नाही, आपोआप सोडते. पहिल्यांदा हे दाखवताना बाईंनी मिठी मारायला गिरजाला बोलावलं. दोघी खाली गेल्या. पाण्यावर बुडबुडे आले. मग थोड्या अंतरावर बाई वर आल्या, खोकत, डोळे लाल, आणि म्हणाल्या, "पाह्यलं? आता तुम्ही करा." आणि काठावर येऊन माझ्याजवळ आडव्या झाल्या. त्यांचे दात वाजत होते. वैशाखाचं ऊन होतं.

मी पुढं लग्न होऊन पांढुर्ण्याला परत आले, तिथल्याच शाळेत बदली करून घेतली. बाईंची खबर अधूनमधून मिळायची. गिरजा आता स्वतःच दोन गावांच्या पोरींना शिकवते, असं कळलं. भाऊराव वारले ते मला उशिरा कळलं. मी भेटायला गेले तेव्हा बाई फार बोलल्या नाहीत. चहा केला, माझ्या मुलाचं नाव विचारलं, पुन्हा विचारलं. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी सौंसरहून पांढुर्ण्याला परतत होते. दुपार होती. वाटेत बसचं चाक पंक्चर झालं आणि आम्ही सगळे खाली उतरलो. रस्त्यापासून थोडं आत एक तलाव होता, झाडांमध्ये दडलेला. बाई आणि मी कधी तिथं गेलो नव्हतो. मी पाय मोकळे करायला बांधावर गेले.

तलावाच्या मध्यावर कोणीतरी पोहत होतं. सावकाश, एकसारखे हात टाकत, पलीकडच्या काठाकडं. पांढरं डोकं पाण्यावर दिसत होतं. जवळ पोरी नव्हत्या, भोपळे नव्हते, कोणीच नव्हतं. मला ओळखायला वेळ लागला, कारण इतक्या वर्षांत बाईंना खरोखर पोहताना मी पाहिलंच नव्हतं. त्या दर वेळी कोणाची तरी मान धरून उभ्याच असायच्या.

मी हाक मारायला हात वर केला, आणि मग खाली घेतला.

त्या पलीकडं पोचल्या. गुडघ्यावर हात ठेवून थोडा वेळ पाण्यातच उभ्या राहिल्या. मग काठावर चढून लुगड्याचा पदर पिळला, झाडाच्या बुंध्याशी ठेवलेल्या वहाणा पायात घातल्या आणि सागवनातून वर जाणाऱ्या पायवाटेनं, ओल्या अंगानंच, चालू लागल्या. मागं कंडक्टर शिटी वाजवत होता. झाडांत त्यांचं हिरवं लुगडं दिसेनासं होईपर्यंत मी उभी राहिले, मग बसमध्ये जाऊन बसले.